सांता कातारिनाचं चाक

काही शहरं आपल्या चिन्हाच्या आधी मरतात. जुनं गोवं त्यांतलं. इथे एके काळी पेठा होत्या, गोद्या होत्या, घोड्यांचे आणि माणसांचे बाजार भरत होते. ज्याने गोवा पाहिला त्याने लिस्बन पाहिलं नाही तरी चालेल, अशी म्हण पोर्तुगीजांतच रूढ होती. आज तिथे चर्चेस आहेत, त्यांच्यामधली हिरवळ आहे, पुरातत्त्व खात्याचे फलक आणि शहाळी विकणारे आहेत. शहर तेवढं नाही. पण त्या शहराचं चिन्ह शाबूत आहे, आणि ते चिन्ह म्हणजे एक चाक.

हे चाक ना गाडीचं, ना रहाटाचं. तुंबा आहे, आरे आहेत, पण जिथे धाव बसवायची तिथे बाहेरच्या बाजूने वाकडी, धारदार पाती लावलेली. असं चाक रस्त्यावर चालवलं तर रस्ता फाडत जाईल. ते रस्त्यासाठी घडवलेलंच नव्हतं, माणसाच्या अंगासाठी घडवलेलं होतं. छळाचं हत्यार एखाद्या शहराने ढालीवर मिरवावं, ही गोष्ट पहिल्यांदा कळते तेव्हा अंगावर शहारा येतो. मग कथा कळते, आणि शहारा जाऊन कोडं उरतं.

कथा अलेक्झांड्रियाच्या कातारिनाची. चौथ्या शतकाच्या सुरुवातीची, राजघराण्यातली, वयाने लहान आणि विद्येने मोठी मुलगी. ख्रिस्ती लोकांचा छळ मांडलेल्या सम्राटासमोर ती उभी राहिली आणि त्याला जाब विचारू लागली. सम्राटाने तिला गप्प करायला पन्नास पंडित आणले. वादात पन्नासही हरले, आणि तिचं म्हणणं पटलं म्हणून त्यांनाच मृत्युदंड मिळाला. मग तिच्यासाठी ते पात्यांचं चाक आणलं गेलं. तिचा स्पर्श होताच चाक मोडून पडलं. शेवटी तलवारीने तिचं मस्तक उडवलं. युरोपातल्या चित्रांत म्हणून ती मोडक्या चाकाशेजारी उभी असते, हाती तलवार किंवा पुस्तक, आणि पुष्कळदा पायाखाली तो सम्राट. म्हणजे हे चाक तिला मारू न शकलेलं चाक आहे. सत्तेने आणलेलं आणि सत्तेच्या डोळ्यांदेखत निकामी झालेलं.

ते मांडवीच्या काठी कसं आलं, याचं उत्तर पंचांगात आहे. १५१० साली आफोन्सो द आल्बुकेर्कने गोवा दोनदा घेतलं. पहिल्यांदा फारसा प्रतिकार न होता. होन्नावरच्या तिमोजाने त्याला इकडे वळवलं होतं. मे महिन्यात आदिलशाही फौज परत आली आणि पोर्तुगीजांना शहर सोडून गलबतांवर पळावं लागलं. पळून जाणार कुठे? पावसाळा सुरू झालेला. मांडवीच्या मुखाशी दर्या उसळत होता, बाहेर पडायची सोय नव्हती. ऐन पावसात ती गलबतं नदीतच अडकून राहिली, किनाऱ्यावरून तोफा, पोटात भूक. ऑगस्टमध्ये एकदाची सुटका झाली. नोव्हेंबरात आल्बुकेर्क पुन्हा आला आणि २५ तारखेला शहर घेतलं. २५ नोव्हेंबर हा सांता कातारिनाचा दिवस. झालं! शहराला पाठराखीण संत मिळाली, आणि संतामागोमाग तिचं चाक.

वारा एक दिवस पडलेला असता तर वेगळा संत लाभला असता, ढालीवर वेगळी वस्तू आली असती. नगरचिन्हांमागे पूर्वजांनी खोल विचार केला असेल असं आपल्याला वाटत राहतं. पुष्कळदा तिथे तारखेचा योग असतो आणि अर्थ मागाहून साचतो. इथे तो साडेचारशे वर्षं साचत गेला.

त्या तारखेचं पुढचं पानही वाचायला हवं. शहर घेतल्यावर चार दिवस मुसलमानांची कत्तल चालली. हे कुण्या शत्रूने लिहिलेलं नाही, खुद्द आल्बुकेर्कनेच आपल्या राजाला पत्रातून अभिमानाने कळवलं. ज्या दरवाजातून तो आत शिरला तिथे लगेच कातारिनाच्या नावाचं छोटं प्रार्थनाघर उभं राहिलं. १५५० साली गव्हर्नर जॉर्ज काब्रालने ते वाढवलं आणि एक शिलालेख बसवला: याच जागी दरवाजा होता, इथूनच आल्बुकेर्कने सांता कातारिनाच्या दिवशी हे शहर मुसलमानांकडून घेतलं. सेंट फ्रान्सिसच्या चर्चमागे उतरत गेलं की हे चॅपल लागतं. जांभ्याचं, दोन बुटक्या मनोऱ्यांचं, आजूबाजूच्या भव्य पसाऱ्यात अगदी साधं. पर्यटकांच्या झुंडी इथवर क्वचित येतात. शहराचा जन्मदाखला मात्र इथे आहे, आणि तो जिंकणाऱ्याने स्वतःच लिहिलेला आहे.

ढालीवर चित्र काढून स्वतःची ओळख सांगायची ही रीत युरोपात बाराव्या शतकात रुजली. लोखंडी शिरस्त्राणात चेहरा झाकलेला, समोरचा आपला की परका हे कळायला ढाल रंगवायची. मग ती ढाल घराण्याची झाली, राजाची झाली, शहरांची झाली. आपल्याकडे मुद्रेचा मान मोठा. शिक्का उमटायचा तो अक्षरांचा. पण चित्राची ताकद आपल्यालाही ठाऊक होती. किल्ल्यांच्या दरवाजांवरचे शरभ पाहावेत. जंजिऱ्याच्या दरवाजावरच्या सिंहाने तर पंजांत हत्ती दाबून धरले आहेत. वाचता न येणाऱ्यालाही निरोप पोचतो: आत येताना जपून.

जुन्या गोव्यात नदीकडून शिरताना असाच एक निरोप मिळतो. मांडवीच्या धक्क्यावरून वर येणारा रस्ता व्हाइसरॉयच्या कमानीखालून जातो. नवा व्हाइसरॉय आला की याच वाटेने शहरात शिरायचा. नदीकडच्या बाजूला वास्को द गामाचा पुतळा आहे. त्याच्या पणतूने, तो स्वतः व्हाइसरॉय असताना, सोळाव्या शतकाच्या अखेरीस तो बसवला. कमानीखालून जाऊन मागे वळून पाहिलं की दुसऱ्या बाजूला एक स्त्री दिसते, आणि तिच्या पायाखाली पगडी घातलेला एक पुरुष चिरडलेला. तिला कातारिनाच मानतात. पायाखाली सम्राट असण्याची तिची जुनी रीत ठाऊक असली की मूर्ती पटकन ओळखू येते. फक्त सम्राट बदलला आहे. अलेक्झांड्रियाच्या कथेत पायाखाली आहे तो छळ करणारा. इथे पायाखाली आहे तो हरलेला, या मातीतला. मूर्तीची ठेवण तीच, पण पायाखालचा माणूस बदलला आणि गोष्ट उलटी झाली.

त्या पगडीवाल्याच्या चेहऱ्याकडे मी पुष्कळ वेळ पाहत असतो. कमानीखालून फेरीबोटीकडे जाणाऱ्या स्कूटर्स सुटतात, मागे मासळीची टोपली बांधलेली असते, आणि कुणी मान वर करत नाही. रोजच्या वाटेवरची शिल्पं कुणी पाहत नाही, हे बरंच म्हणायचं. पायाखालच्या माणसाची रोज ओळख पटू लागली तर दिवाडीला जायची बोट चुकेल.

चाक मात्र लोकांच्या हातात रोज होतं. गोव्याच्या टांकसाळीत पाडलेल्या हलक्या धातूच्या बाजारूकांवर, म्हणजे चिल्लर नाण्यांवर, ते उमटलेलं असे. ही नाणी बाजाराची. मिठासाठी, भाजीसाठी, दोन बांगड्यांसाठी. त्या काळच्या कोळणीने ओल्या हातात ते नाणं घेतलं असेल, कनवटीला लावलं असेल. तिला अलेक्झांड्रिया कुठे आहे हे माहीत असायचं कारण नव्हतं. तिच्या लेखी ते चाक म्हणजे एवढ्या किमतीचा ऐवज. चिन्हाचा सर्वांत खरा अर्थ बहुधा असाच ठरत असावा, देवघेवीत, कुणीही समजावून न सांगता.

श्रीमंती अर्थ पाहायचा तर से कॅथीड्रलमध्ये जावं. हे कॅथीड्रल कातारिनाच्याच नावाचं. १५६२ साली बांधायला घेतलं आणि १६१९ साली पुरं झालं. दोन मनोऱ्यांपैकी एक १७७६ मध्ये कोसळला आणि पुन्हा कुणी उभारला नाही, त्यामुळे इमारतीचा एक खांदा कायमचा उतरलेला. आत, लांबच लांब गाभाऱ्याच्या टोकाला, सोन्याच्या मुलाम्याचा उंच आल्तार आहे आणि त्यावर कोरलेले कातारिनाच्या आयुष्यातले प्रसंग. दुपारी उजेड तिरपा येतो तेव्हा आधी सोनं दिसतं, मग आकृत्या. छळाची गोष्टसुद्धा सोन्यात मढवली की उत्सवासारखी दिसते.

या कॅथीड्रलला लागूनच्या चौकात आणखी एक इमारत होती. आता तिचा मागमूस नाही. लोक तिला ‘व्हडलें घर’ म्हणत. १५६० साली गोव्यात इन्क्विझिशन आलं ते याच मोठ्या घरात राहिलं, आणि मधली थोडी वर्षं सोडली तर १८१२ पर्यंत टिकलं. पन्नास पंडितांशी वाद घालून जिंकलेल्या मुलीचं शहर, आणि त्या शहराच्या मध्यावर, तिच्या चर्चच्या सावलीत, वेगळं काही मानल्याबद्दल माणसांना कोठडीत टाकणारं घर.

इथे मला गार्सिया द ओर्ता आठवतो. वैद्य माणूस, जन्माने पोर्तुगीज, घराणं ज्यू, सक्तीने ख्रिस्ती झालेलं. गोव्यात आला आणि तीसेक वर्षं इथेच राहिला. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाकडे वैद्य म्हणून त्याची ऊठबस होती. मुंबई बेट काही काळ त्याच्याकडे खंडाने होतं, तिथे त्याची बाग होती. १५६३ साली त्याने गोव्यातच छापून एक ग्रंथ काढला: हिंग, आंबा, नारळ, आपल्या बाजारातल्या मुळ्या आणि मसाले यांवर. सगळा ग्रंथ संवादात. दोन वैद्य बोलत बसले आहेत, एक विचारतो, दुसरा सांगतो, कधी खोडून काढतो. जुन्या ग्रीक ग्रंथकारांचं चुकलं असेल तर तसं म्हणायला ओर्ता कचरत नाही. कातारिनाच्या शहराला तिच्या जातकुळीतलं माणूस कोणतं मिळालं असेल, तर हेच. वाद घालणारं, पाहिल्यावर विश्वास ठेवणारं.

तो १५६८ साली वारला. पुढच्याच वर्षी इन्क्विझिशनने त्याच्या बहिणीला, गुपचूप ज्यू धर्म पाळते म्हणून, खांबाला बांधून जाळलं. १५८० साली ओर्ताची हाडं थडग्यातून उकरून काढली आणि तीही जाळली. बहिणीचं नाव कातारिना.

हे वाचलं त्या दिवसापासून ते चाक मला शहराचं वाटेनासं झालं. ज्या शहराच्या ढालीवर कातारिनाचं चाक, त्या शहराने एका कातारिनाला जाळलं, आणि शिक्का बदलावासा कुणाला वाटला नाही. वाटायचं कारणही नव्हतं. त्यांच्या लेखी चाक म्हणजे १५१० चा विजय. पण चिन्ह काही विजयापुरतं थांबत नाही. त्याच्या पोटात त्याची मूळ गोष्ट असते. मालक झोपला तरी ती जागी असते. कातारिनाचं चाक साडेचारशे वर्षं एकच सांगत राहिलं: सत्तेने हे यंत्र आणलं आणि एका मुलीचं तोंड बंद करायला ते पुरं पडलं नाही. व्हडल्या घराच्या दारावरून ये-जा करणाऱ्यांनी ते ऐकलं नसेल. त्यांच्या खिशातल्या नाण्यांवर ते लिहिलेलं होतं.

दगडाचीही इथे एक गंमत आहे. गोव्याचा दगड जांभा. खाणीतून काढताना मऊ, वाऱ्यावर घट्ट होत जाणारा, पण अंगभर भोकं असलेला. भिंतीला उत्तम, नक्षीला निकामा. त्यावर बारीक रेघ धरत नाही, पाकळी कोरायला जावं तर कोपरा निखळतो. म्हणून चर्चेस बांधायची जांभ्यात, वर चुन्याचा गिलावा, आणि जिथे कोरीव काम हवं तिथे काळा दगड बाहेरून आणायचा. बॉम जेझूच्या चर्चच्या दर्शनी भागावरचा बसाल्ट गलबतांत घालून वसईहून आणला. म्हणजे गोव्याच्या तोंडावरचा नक्षीदार अभिमान उत्तर कोकणातल्या दगडातला.

त्या वसईचं पुढे काय झालं हे मराठी माणसाला सांगायला नको. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी ती घेतली. चर्चमधल्या घंटा उतरवून घाटावर आणल्या. त्यांतली एक नाशिकला नारोशंकराच्या देवळात, एक वाईजवळ मेणवलीला, एक भीमाशंकरी. मेणवलीच्या घंटेवर मेरी आणि बाळ येशू अजून आहेत, आणि घाटावर आलेली पोरं त्या दोघांना दाद न देता घंटा बडवतात. विजेत्यांनी घंटा नेल्या, पण वसईच्या दरवाजांवरच्या दगडी ढाली तिथेच राहिल्या. घंटा कुठल्याही देवाला चालते. ढाल घेऊन करायचं काय?

गोव्याच्या ढालीला अशी लढाई पाहावीच लागली नाही. शहर तापाने मेलं. पाणी खराब, विहिरी आणि दलदल शेजारी, साथी एकामागून एक. १६९५ साली व्हाइसरॉय पणेलीला गेला, १७५९ साली पणजीला, आणि १८४३ मध्ये पणजीलाच ‘नवं गोवं’ म्हणून राजधानीचा मान मिळाला. १८३५ साली धर्मसंघ बंद झाले, मठ ओस पडले. टेकडीवरचं ऑगस्टिनचं प्रचंड चर्च टप्प्याटप्प्याने ढासळलं. आज त्याच्या एका मनोऱ्याचा ४६ मीटर उंचीचा सुळका उभा आहे. माणसं गेली, घरांचा जांभा लोकांनी काढून नेला, जिथे पेठ होती तिथे माड लावले. चाक मात्र कागदोपत्री फिरत राहिलं. १९३५ साली पोर्तुगालने आपल्या वसाहतींची चिन्हं नव्याने आखली, तेव्हाही पोर्तुगीज भारताच्या ढालीत ते होतं.

शहर मेल्यावर कुळांच्या ढालींचं काय होतं, हे सेंट फ्रान्सिसच्या चर्चमध्ये पायाखाली दिसतं. तिथली फरशी म्हणजे थडग्यांचे दगड. प्रत्येकावर कुणातरी बड्या घराण्याची ढाल कोरलेली: सिंह, पट्टे, शिरस्त्राण, वेलबुट्टी. चारशे वर्षं लोक त्यांवरून चालले आहेत. मधल्या वाटेवरच्या ढाली इतक्या गुळगुळीत झाल्या आहेत की बोटाने चाचपल्याशिवाय रेघ लागत नाही. भिंतीच्या कडेच्या मात्र अजून ठसठशीत आहेत. मानाची जागा मिळालेले आधी पुसले गेले, कोपऱ्यात ढकललेले टिकले.

१९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झालं आणि चिन्हं बदलायची पाळी आपल्यावर आली. पणजीच्या नगरपालिका उद्यानात एक खांब आहे. त्यावर वास्को द गामाचा अर्धपुतळा होता. तो उतरवून तिथे अशोकाचे सिंह बसवले. खांब तोच. हे उद्यान पोर्तुगीजांनीच एकोणिसाव्या शतकात गार्सिया द ओर्ताच्या नावाने केलेलं, ज्याची हाडं त्यांच्याच पूर्वजांनी जाळली होती त्याच्या नावाने. सत्तेलाही कधीकधी उशिरा सुचतं.

आणि सर्वांत जुनं चिन्ह सर्वांत शेवटी परत आलं. पोर्तुगीजांच्या आणि सुलतानांच्याही आधी इथे कदंबांचं राज्य होतं. त्यांच्या सोन्याच्या नाण्यांवर सिंह असे, आणि सप्तकोटीश्वराच्या कृपेची अक्षरं. त्या देवाचं देऊळ दिवाडीच्या नार्व्यात होतं, व्हाइसरॉयच्या कमानीसमोर नदी ओलांडली की त्याच बेटावर. पोर्तुगीजांनी ते पाडलं. लिंग पलीकडे डिचोलीच्या बाजूला हलवलं गेलं, आणि १६६८ साली शिवाजी महाराजांनी तिथे देऊळ बांधवून घेतलं. १९८० साली गोव्याची सरकारी बससेवा निघाली तेव्हा तिला नाव दिलं कदंब आणि चिन्ह दिलं सिंहाचं. कधी काळी राजाच्या सुवर्णनाण्यावर असलेला तो सिंह आता धुळीने माखून म्हापसा ते मडगाव करतो. कंडक्टर दारावर थाप मारून ‘फुडें वच’ म्हणतो. राजेपणापेक्षा ही नोकरी त्याला अधिक मानवली असावी.

कातारिनाची गोष्टही याच काळात वेगळ्या वळणाला लागली. ती खरंच होऊन गेली का, याचा पुरावा सापडेना, म्हणून १९६९ मध्ये चर्चने सार्वत्रिक पंचांगातून तिचा दिवस काढून टाकला. २००२ मध्ये तो ऐच्छिक म्हणून परत आला. म्हणजे एका शहराने साडेचारशे वर्षं जिच्या नावाने मान मिरवला, तीच कदाचित नव्हती. जुन्या गोव्यात २५ नोव्हेंबरला आजही गर्दी असते, पण ती गोंयच्या सायबाची, सेंट फ्रान्सिस झेवियरची. त्याच्या नोव्हेना आदल्याच दिवशी सुरू झालेल्या असतात. रस्त्याच्या कडेला खाज्याची दुकानं लागतात, मेणबत्त्यांचे ढीग, लांबून पायी आलेले जथे. कातारिनाचा दिवस त्या गर्दीत येतो आणि जातो.

ती नसली तर चाक खोटं ठरतं का? मला तसं वाटत नाही. नसलेल्या मुलीच्या मोडक्या चाकाने असलेल्या शहराचा न्याय केला, आणि तो न्याय खरा निघाला. चिन्ह घेणारा एवढंच पाहतो, की हे आपल्याला शोभतं का. आपण त्याला शोभलो का, हे ठरवायला मागून येणारे असतात, आणि त्यांच्यापुढे चिन्हच साक्षीला उभं राहतं.

ही कसोटी फक्त पोर्तुगीजांना लावून मोकळं होता येत नाही. आजच्या गोवा राज्याच्या मुद्रेवर दोन हातांनी सांभाळलेला वृक्षदीप आहे आणि भोवती संस्कृत बोल: सर्वांचं भलं दृष्टीस पडो, कुणाच्याही वाट्याला दुःख न येवो. प्रत्येक सरकारी कागदावर ते छापलेलं असतं, जमिनीच्या नोटिशीवर, दाखल्यावर, दंडाच्या पावतीवर. बोल सुंदर आहेत. चार शतकांनी कुणीतरी ते कागद चाळत बसेल आणि दिव्याला विचारेल.